लंबूच्या अक्षरातली आई

५ डिसेंबर

आई,

पत्र मिळालं. पाकीट हातात घेतल्यावर मला वाटलं, पोस्टमन चुकला. अक्षर तुझं नव्हतं. तुझं अक्षर म्हणजे मुंग्या पळाल्यासारखं, आणि हे टपोरं, गोल, डोक्यावरची रेघ पट्टीने मारल्यासारखी. आत "माझ्या लाडक्या ठके" असं लिहिलेलं. तू मला लाडकी कधी म्हणतेस? तू नुसतं "ठके" म्हणतेस. तेव्हाच कळलं, काहीतरी गडबड आहे.

मग वाचलं की ओल्या कोर्टवर तुझा पाय घसरला, उजवं मनगट मोडलं, प्लॅस्टर घातलंय, आणि ते निघेपर्यंत तुझ्या बास्केटबॉल टीममधली ती लंबू तुझ्या घरी राहायला आलीय. स्वयंपाक ती करणार, तुझी वेणी ती घालणार, आणि पत्रंसुद्धा तू सांगायचीस आणि तिने लिहायची.

हात फार दुखतो का? हे मी आधी विचारायला हवं होतं.

मी आले असते ना. एका ओळीत कळवलं असतंस तरी आले असते. मालकीणबाई ओरडतात, पण सुट्टी देतात. वेणी मलाही घालता येते.

फोन मात्र करू नकोस. दुकानात फोन आला की मालकीणबाई कात्री खाली ठेवून ऐकत बसतात, आणि तू तिकडून "बोल ना, बोल ना" म्हणायला लागलीस की माझ्या तोंडाला कुलूपच लागतं. शाळेत उभं केलं की व्हायचं, तसं. कागदावर मला बोलता येतं.

दुकानात कामाचा ढीग आहे. थंडी आली की सगळ्यांना जुने कोट आठवतात, आणि वर्षभरात सगळे जाड झालेले असतात. मी दिवसभर उसवते आणि सैल करते.

आणि वरची खोली मी घेतली. दुकानाच्या वरची, तुला सांगितलेली. दोन खिडक्या आहेत. एक पलंग तिथलाच आहे, दुसरा एप्रिलमध्ये आणू. "यंदाचा सीझन शेवटचा, एप्रिलमध्ये टीम सोडते आणि ठकीकडे राहायला येते," हे तू म्हणालेलीस. मावशीसमोर म्हणालेलीस. लक्षात आहे ना?

खालची ओळ फक्त तुझ्यासाठी. लंबूने वाचू नये.

तुझ्या केसांना दुसऱ्या कुणी हात लावलेला मला आवडत नाही.

तुझी,
ठकी

१३ डिसेंबर

ठके,

"लाडक्या" हे लंबूने पदरचं घातलं होतं. तिला झापलंय. आता मी बोलेन तेवढंच लिहायचं, असं ठरलंय.

(मॅडमनी खरंच झापलं. – लंबू)

हात बरा आहे. आत खाजतो. विणायची सुई घालून खाजवते, पण ते डॉक्टरला सांगायचं नाही. तुला बोलावलं नाही कारण तुझं काम चालू आहे. हातातलं काम टाकून कुणाच्या मलमपट्टीला धावायचं नसतं. माझ्या पोरींना ताप आला तर मीही त्यांच्या आयांना बोलावत नाही.

टीम यंदा बरी आहे. उंची आहे, अक्कल येतेय. लंबू बॉल घेऊन पळते ती सुटलेल्या वासरासारखी. मागे चार जणी हात वर करून उभ्या आहेत, याचा तिला पत्ता नसतो.

(हेही मलाच लिहायला लावतात! – लंबू)

तुझ्या पत्रावरून आठवलं. मी सुरुवात केली तेव्हा शाळेमागच्या अंगणात एकच रिंग होती, आणि तिला जाळी नव्हती. त्यामुळे बॉल आतून गेला की बाहेरून, यावर पोरी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. तू भिंतीला टेकून बसलेली असायचीस, एवढीशी. मी विचारायचे, "ठके, गेला?" तू तोंडाने बोलायची नाहीस, नुसती मान हलवायचीस. आणि तुझी मान सगळ्या मान्य करायच्या. आता कॉलेजात काचेचा बोर्ड आहे, दिवे आहेत, कपाटात कप ठेवायला जागा नाही. पण तशी पंच मला परत मिळाली नाही.

गेल्या वर्षीच्या कॅप्टनला मी काढून टाकलं. घोटा सुजला होता आणि मला "ठीक आहे" म्हणाली. बॉल हातातून सुटला तर चालतो, खोटं चालत नाही. माझा तेवढा एकच नियम आहे आणि या सगळ्यांना तो पाठ आहे.

(पाठ आहे. – लंबू)

एप्रिलचं लक्षात आहे. खिडक्यांना पडदे लाव.

आई

(तुझी ती शेवटची ओळ मॅडमनी मला वाचू दिली नाही. कागदाची घडी घालून उशीखाली ठेवला. मी विचारलं पण नाही. – लंबू)

२४ डिसेंबर

आई (आणि जी कुणी वाचत असेल ती),

पेपरात फोटो आला तुमचा. "सलग तिसऱ्यांदा सेमीफायनलमध्ये नेणाऱ्या कोच." मालकीणबाईंनी कापून काउंटरच्या काचेखाली लावला. जे गिऱ्हाईक येईल त्याला, "ही आमच्या ठकीची आई." मग तो माणूस फोटो बघतो, मग मला बघतो, मग परत फोटो बघतो. मी मशीनवर मान घालते.

फोटोत तुझा चांगला हात लंबूच्या खांद्यावर आहे. नीट बघितला मी, कापड तपासायच्या भिंगाखाली धरून. नुसता ठेवलेला नाही, दाबून धरलायस. माझ्या खांद्यावर तू हात ठेवलेलास का कधी? असेल. मला आठवत नाही.

तुला अंगण आठवतं. मला त्याच्या पुढचं आठवतं. तुला कॉलेजने बोलावलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. मावशीच्या दारात तू म्हणालीस, "एक सीझन." मी सीझन म्हणजे काय ते मावशीला विचारलं. ती म्हणाली, आंब्याचा असतो तसा, येतो आणि जातो. तुझा आलाच फक्त.

नववीत मी शाळा सोडली, तेव्हाचं बघ. बाईंनी उभं करून धडा वाच म्हटलं आणि माझा आवाजच फुटला नाही. सगळा वर्ग हसायला लागला. दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाही. मी आठवडाभर वाट बघितली की तू येशील, मारशील, कान धरून शाळेत नेशील. मावशी म्हणाली, तिच्या राज्य स्पर्धा चालू आहेत. मग तुझं पत्र आलं, "हाताला काम शीक, कामाला लाज नसते." इतकंच. आणि त्याच वर्षी तुझी कुणी एक पोरगी नापास होत होती, तिला तू पहाटे उठून गणित शिकवलंस. तेही पेपरातच वाचलं मी.

लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुझं उलटं आहे.

लंबू कोणत्या पलंगावर झोपते? खिडकीजवळच्या? तो माझा आहे. सुट्टीत आठ दिवस आले तरी माझाच आहे. आणि निळी गोधडी तिला देऊ नकोस, ती मी शिवलीय.

माझ्या पोटात दुखतंय, हे मला कळतंय. कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

पडदे शिवले. पिवळे.

ठकी

११ जानेवारी

ठके,

पत्र मी दोनदा वाचलं. यातल्या काही गोष्टी दुसरीच्या हातून लिहून घ्यायच्या नाहीत. त्या समोर बसून बोलू.

पलंग: लंबू जमिनीवर गादी घालून झोपते. तिचे पाय पलंगात मावत नाहीत.

सेमीफायनल जिंकलो. शेवटच्या मिनिटाला आम्ही एकने मागे होतो. मी टाइमआउट घेतला. माझी पद्धत तुला माहीत आहे, पहिला अर्धा वेळ मी तोंड उघडत नाही, नुसतं पाणी देते. पोरी धापा टाकत असतात, त्यांना तेव्हा काही ऐकू येत नाही. मग एकच वाक्य बोलले, "लंबूला बॉल देऊ नका, तिला देताय असं दाखवा." समोरच्या तिघी लंबूला चिकटल्या आणि आमच्या बुटकीने मोकळीच बास्केट केली. लंबूला राग आला. पण जिंकलो.

फायनल आमच्याच कॉलेजात आहे, तीस जानेवारीला, संध्याकाळी. गर्दी खूप असेल. तुला गर्दी सोसत नाही, मला माहीत आहे.

अंगावर गरम घाल. मशीनवर वाकून बसू नकोस, पाठ धरते.

आई

३ फेब्रुवारी

ठके

हे डाव्या हाताने लिहितेय. वेडंवाकडं आहे, लावून वाच. लंबूला कोर्टवर पाठवलंय.

तू का आली नाहीस?

पत्रात मी सांगितलं होतं ना. गर्दी असेल, तुला सोसत नाही, माहीत आहे, तरी ये. टीमच्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची तुझी. मी कधी कुणाला असं ये म्हणत नाही. तुला म्हटलं.

खुर्ची रिकामी ठेवली. प्राचार्यांना बसायचं होतं, त्यांनाही नाही म्हटलं. मध्यंतरापर्यंत वाटत होतं, बस चुकली असेल. जिंकलो आम्ही. सगळ्या नाचत होत्या, मला उचललं, प्लॅस्टरसकट. मी दाराकडे बघत होते.

कॉलेज म्हणतंय, आणखी तीन वर्षं थांबा. फायनल झाली की तुझ्यासमोर त्यांना सांगणार होते, नाही, मी लेकीकडे चालले. तू आली नाहीस. साधं "नाही येत" असंही कळवलं नाहीस. मग वाटलं, बरोबर आहे, हिने का यावं? मी तरी कुठे आले होते. ठकीला आता आईची खोलीत अडचणच होईल.

महिनाअखेर त्यांना उत्तर द्यायचंय. तुझ्याकडून एक ओळ आली तर बरं. रागाची असली तरी चालेल.

हात भरून आला. थांबते.

आई

८ फेब्रुवारी

लंबू,

हे पत्र मी कॉलेजच्या पत्त्यावर पाठवतेय, घरच्या नाही. तुझ्या हातात पडेल असं.

तू ते वाक्य खाल्लंस.

"तुला गर्दी सोसत नाही, मला माहीत आहे." तिथे तू थांबलीस. पुढचं "तरी ये" कुठे गेलं? खुर्ची कुठे गेली? मी ते पत्र वाचून दोन दिवस जेवले नाही. मला वाटलं, आईला माझी लाज वाटते. एवढ्या लोकांत ही मुकी मुलगी कुठे मिरवायची, म्हणून गोड बोलून येऊ नको म्हणतेय. म्हणून मी उत्तर पण दिलं नाही.

आईला मी अजून काही लिहिलेलं नाही. तुमचा एकच नियम आहे ना? तुला पाठ आहे ना?

मला फक्त सांग, का. तुझ्याकडे सगळं होतं. ती रोज तुझ्यासमोर असते. तुझ्या हातचं खाते. अजून काय पाहिजे होतं तुला?

ठकी

१३ फेब्रुवारी

ठकी,

हो, खाल्लं.

तू विचारलंस का, तर सांगते. तुझं पत्र येतं त्या दिवशी मॅडम सरावाला उशिरा येतात. मॅडम! पाऊस असो, ताप असो, ज्यांच्या शिट्टीवर लोक घड्याळं लावतात, त्या. दाराशी उभ्या राहून वाचतात, मग परत वाचतात. आणि मग दिवसभर आम्हाला ऐकावं लागतं. "ठकीला एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही." "ठकी एका नजरेत माप घेते, तुम्हाला समोरची रिंग दिसत नाही." आम्ही सगळ्या तुला बघितलेलं नाही, पण आम्हाला तू डोळ्यात खुपतेस. बुटकी तर म्हणते, ही ठकी मुळात आहे तरी का, की मॅडमनी आम्हाला छळायला बनवलीय?

तुला फोटोतला खांद्यावरचा हात दिसला. तो दाबून धरला होता कारण मी पंचाशी भांडायला निघाले होते.

मी फायनलला सगळ्यांत जास्त बास्केट केल्या. मॅडम काय म्हणाल्या सांगू? "डावीकडची मोकळी होती, पास का नाही दिलास?" दोन वर्षं झाली मला. "शाब्बास" हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. माझ्या घरी चौघी बहिणी आहेत, मी कुठे खेळते ते माझ्या आईला माहीत पण नाही. मला दुसरीकडून कुठून मिळणार आहे शाब्बास?

आणि ती खुर्ची. मला जेव्हा खेळातून बाहेर बोलावतात ना, तेव्हा मी तिथे बसते. मॅडमच्या शेजारी. तेवढी एकच जागा आहे जिथे त्या हळू आवाजात बोलतात. मॅडम म्हणाल्या, "लिही, तरी ये, माझ्या शेजारची खुर्ची तुझी." माझं पेन कागदावर टेकलेलंच होतं. मी ते उचललं आणि सरळ पुढच्या ओळीवर ठेवलं. मॅडमनी न वाचता डाव्या हाताने सही केली. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा.

माफी मागत नाही. मागितली तर ती खोटी होईल, कारण खुर्ची रिकामी बघून मला आधी बरं वाटलं होतं. नंतर कप घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि त्या माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत होत्या. माझ्या डोक्यावरून! एवढी उंची असून मी त्यांना दिसले नाही. मग नाही बरं वाटलं.

तुला मॅडमना सांगायचं तर सांग. मला काढतील. टीम गेली की हॉस्टेल गेलं, आणि हॉस्टेल गेलं की कॉलेज गेलं. बॅग भरून ठेवलीय. मी स्वतः रोज सांगायला जाते आणि त्या म्हणतात, "लंबू, भाजीत मीठ कमी आहे," आणि माझी जीभ उचलत नाही. तुझं शाळेत व्हायचं तसं होत असेल बहुतेक.

लंबू

१८ फेब्रुवारी

आई,

तुझं डाव्या हाताचं पत्र मिळालं. सगळं लागलं. एक शब्द लागला नाही, पण त्याच्यावाचून अडलं नाही.

मी का आले नाही ते विचारू नकोस. खोटं मला सांगता येत नाही आणि खरं सांगायचं नाही. तेवढं मात्र लिहिते की मला यायचं होतं. आणि तुझी अडचण होईल असं मला कधी, एकदाही, वाटलं नाही. तू ते वाक्य डाव्या हाताने लिहिलंस म्हणून सोडून देते.

मालकीणबाईंना दाखवलं तुझं पत्र. त्या म्हणाल्या, "तुझी आई इथे येऊन करणार काय गं? पडदे मोजणार?" मी चिडले. मग रात्रभर तेच डोक्यात. त्या दोन खिडक्यांत मी तुला बसवून बघितलं. पहिले आठ दिवस तू पाठ टेकशील. मग रस्त्यावरच्या पोरांना चाल सुधारायला सांगशील. पंधरा दिवसांत मालकीणबाईंना रांगेत उभं करशील. आणि मग संध्याकाळ झाली, तिकडे सरावाची वेळ झाली, की तू गप्प होशील. पाणी देशील मला आणि गप्प बसशील, आणि तुझं ते एक वाक्य काही येणार नाही. मी एवढी वर्षं तुझी वाट बघितली ती अशा आईसाठी नाही.

म्हणून कॉलेजला हो सांग. तीन वर्षं थांब.

मी तिकडे येते. राहायला. पुढच्या शुक्रवारी दुपारच्या बसने, मशीन घेऊन. मालकीणबाईंनी जुनं मशीन दिलं, रडल्या आणि मग म्हणाल्या, रडत नाहीये, धुळीने झालं. वरची खोली सोडली. पडदे काढून आणतेय.

माझं मन मोठं झालं असं समजू नकोस. तसलं काही नाही. पोटात दुखतंच आहे. पण लांबून जास्त दुखतं, पेपरात बघून, भिंग लावून. आता जवळ बसून बघेन. तुझ्या त्या रांगेत मी बसणार आहे, आणि मला कुणाशी बोलायला लावलंस तर उठून जाईन.

आणि मी का आले नाही याची तू आता जुळवाजुळव करशीलच. तुझं डोकं तेवढं चालतं. कर. फक्त लंबूला टीममधून काढू नकोस. नियम तुझा आहे, पण यातली तक्रार कुणाची असेल तर माझी, आणि मी ती करत नाही. तू तिला काढलंस तर आयुष्यभर तिचीच आठवण काढत बसशील, जेवताना, झोपताना, "लंबू असती तर," आणि ते मला ऐकावं लागेल. त्यापेक्षा ती समोर बरी. टीममध्ये असू दे. घरात नको. मी यायच्या आत तिची गादी हॉस्टेलवर गेलेली पाहिजे. वेणी मी घालेन.

आणखी एक काम आहे. लंबूला एकदा शाब्बास म्हण. चांगलं मोठ्याने, सगळ्यांसमोर, पुढे "पण" न लावता.

पण ते गुरुवारपर्यंत उरकून घे. माझ्यासमोर नको.

ठकी